दाखला कर्जतचा, मान्यता परदेशची

मुलाला परदेशात नोकरी लागल्याची वार्ता येते, आळीत पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी आईच्या ट्रंकेतले कागद बाहेर निघतात. जन्माचा दाखला, पदवी, विवाहाची नोंद! त्यांवरचे शिक्के आपल्या ओळखीचे. पण लिस्बनच्या कचेरीतल्या कारकुनाने खालापूर तालुक्यातील ग्रामसेवकाची सही ओळखावी तरी कशी?

ही अडचण साऱ्या जगाचीच होती. तिच्यावर तोड म्हणून ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला. करारातील देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदांवर एकच प्रमाणपत्र पुरेसे मानावयाचे. त्याचे नाव ‘अपॉस्टिल’. आकार चौकोनी, आत दहा बाबी आणि माथ्यावर फ्रेंच मथळा. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला.

हे प्रमाणपत्र आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय देते. पण त्यालाही आपला ग्रामसेवक कुठे ठाऊक? म्हणून आधी राज्य सरकारची साक्ष लागते. जन्म-विवाहाचे दाखले मुंबईच्या मंत्रालयातून व पदव्या शिक्षण खात्याकडून प्रमाणित व्हाव्या लागतात. खोपोलीच्या कारखानदाराच्या व्यापारी कागदांना व्यापारी मंडळाची, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सची, साक्ष लागते. कतार, कुवेत यांसारखे देश करारात नाहीत. तिथे पुढे त्यांच्या वकिलातीचाही शिक्का हवा. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ पासून व कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तेव्हा शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये हे बरे!

आता मुख्य गोष्ट. हे प्रमाणपत्र सही व शिक्का खरा असल्याचे सांगते. मजकूर खरा असल्याचे नव्हे. दाखल्यात ‘बाळू’ आणि पासपोर्टात ‘बाळकृष्ण’ असेल, तर ती तफावत साऱ्या शिक्क्यांनिशी परदेशी पोहोचते आणि नेमकी तिथे नडते.

अशा चुका दुरुस्त होतात त्या मूळ कचेरीतच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने निबंधकाला दुरुस्तीचा अधिकार दिला आहे. मात्र नोंद असते ती जन्म जिथे झाला तिथे. घर कर्जतला, पण बाळंतपण कल्याणच्या इस्पितळात झाले असेल, तर अर्जही कल्याणलाच करावयाचा. जुन्या कागदांवर ‘जिल्हा कुलाबा’ दिसला म्हणून मात्र घाबरू नये. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. घरी बसून ते खोडू मात्र नका. खाडाखोडीचा कागद पहिल्याच टेबलावर अडतो.

म्हणून सुज्ञ पालकांनी नोकरीच्या पत्राची वाट पाहू नये. मुलांची दहावी होताच मे महिन्याच्या सुटीत एक दुपार काढावी, सारे कागद शेजारी शेजारी मांडावेत आणि नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. तेव्हा ते काम एका अर्जाचे असते. विमानाचे तिकीट हाती पडल्यावर तेच काम रात्रीची झोप उडवते!