फिरत्या दवाखान्यातील वीज : बॅटरी, इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टर

फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी देणगी मिळाल्यानंतरही काही वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा आवाहन का करावे लागते, असा प्रश्न आमचे देणगीदार अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. देणगीचा हिशेब जसा ताळेबंदात दिसतो तसाच तो कामातही दिसला पाहिजे. म्हणून या गाडीतील विजेची व्यवस्था येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

वीज सोबत का न्यावी लागते?

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. परंतु २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेही बंद ठेवावे लागले होते. वीज जवळ निर्माण होते म्हणून ती दारात असेलच असे नाही, याचा अनुभव भारनियमनाच्या वर्षांत आपण सर्वांनी घेतला आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांड्यांवर मागे राहतात ते बहुधा वृद्ध आणि लहान मुले. त्यांच्यासाठी गाडी शाळेच्या आवारात किंवा देवळाच्या पाराजवळ थांबते. तेथे वीज मिळेलच असे गृहीत धरून दम्याच्या रुग्णावर उपचार सुरू करता येत नाहीत.

तीन उपकरणे, तीन कामे

बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी असते. टाकी पाणी निर्माण करीत नाही, साठविते. बॅटरीही वीज केवळ साठविते. तिच्यातून १२ व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी, मिळतो. गाडीतील दिवे व पंखे त्यावर थेट चालतात. परंतु नेब्युलायझर किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांसारख्या यंत्रांना बहुधा घरातल्यासारखा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, लागतो. डीसीचे एसीत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे इन्व्हर्टर. कन्व्हर्टरचे काम नेमके उलट असते. रात्री गाडी रुग्णालयाच्या आवारात उभी असताना तो भिंतीतील एसी विजेचे डीसीत रूपांतर करून बॅटरी भरतो. प्रवासात हेच काम इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर करतो.

स्वस्त इन्व्हर्टरमधून मिळणारा प्रवाह ओबडधोबड असतो. त्यावर दिवा लागतो, पण मोटर असलेली यंत्रे तापतात व संवेदनशील उपकरणे बिघडू शकतात. म्हणून वैद्यकीय यंत्रांसाठी थोडा महाग असला तरी शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा लागतो.

साठा किती पुरतो?

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते. म्हणून वापरण्याजोगे उरतात ९००. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हाती राहतात सुमारे ७६५ वॅट-तास. ३५० वॅटचा कॉन्सन्ट्रेटर त्यावर जेमतेम दोन तास चालतो, तर १० वॅटचा एलईडी दिवा काही दिवस चालू शकतो.

यावरून काही पथ्ये ठरतात. उपकरणे निर्जंतुक करणारे १,५०० वॅटचे यंत्र गाडीत चालवायचे नाही. उपकरणे रुग्णालयातच निर्जंतुक करून न्यायची. लशी २ ते ८ अंश तापमानात राहाव्यात यासाठी बॅटरीवर विसंबायचे नाही. बर्फाच्या पिशव्या असलेली शीतपेटी वापरायची. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर सदैव सोबत ठेवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इंजिन सुरू करणारी बॅटरी व दवाखान्याची बॅटरी स्वतंत्र ठेवायची. दोन्ही कामे एकाच बॅटरीवर सोपविली, तर अत्यवस्थ रुग्णाला घेऊन निघायच्या क्षणीच गाडी सुरू होणार नाही.

घरी ऑक्सिजन यंत्र वापरणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांनीही हाच हिशेब करावा. यंत्रावर लिहिलेले वॅट पाहावेत, आपला इन्व्हर्टर तेवढा भार पेलतो का व बॅटरी किती तास पुरेल हे तपासावे आणि सिलिंडरची सोय ठेवावी.

बॅटरी पुन्हा का घ्यावी लागते?

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. सभोवतालचे तापमान सतत दहा अंशांनी अधिक राहिल्यास लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. आपल्याकडील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीत तर तो त्याहून वर असतो. सावलीत गाडी उभी करणे, डिस्टिल्ड पाणी वेळेवर भरणे, टर्मिनल स्वच्छ ठेवणे आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा ज्वलनशील वायू बाहेर जाऊ देणे, एवढी काळजी घेता येते. परंतु झीज थांबविता येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी व अधिक टिकाऊ असते, तिचा बहुतांश साठाही वापरता येतो. मात्र ती महाग असून तिला योग्य असा चार्जर लागतो.

गाडीवर देणगीदाराचे नाव असते. आसनाखालच्या बॅटरीवर कोणाचेच नसते. तरीही डोंगरावरच्या एखाद्या तांड्यावर दम लागलेल्या आजीबाईंना पुढची दोन तास प्राणवायू मिळतो, तो या बॅटरीमुळेच. गाडीला मदतीचा हात देणाऱ्या सुहृदांनी तिच्या बॅटरीचेही स्मरण ठेवावे, ही नम्र विनंती.