मिरचीचे पान का वळते?

मुलांनो, उन्हाळ्यात आपल्या नेपरव्हिल पार्क डिस्ट्रिक्टच्या गार्डन प्लॉटवर चक्कर मारलीत, तर मराठी घराचा वाफा ओळखायला पाटी लागत नाही. मेथी, कोथिंबीर आणि कडेने मिरची! आणि जुलै उजाडला की कुणीतरी पालक विचारतातच, "आमच्या मिरचीची पाने अशी वळली का हो?"

महाराष्ट्रात या दुखण्याला 'बोकड्या' किंवा 'चुरडा-मुरडा' म्हणतात. नंदुरबारकडे, जिथे लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे, हा शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. पाने आखडतात, झाड खुजे राहते, मिरच्या धरत नाहीत. पंचाईत अशी की पान वळवणारा चोर एकच नाही. फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात. कोळी नावाचा अगदी बारीक जीव लागला की त्या खाली वळतात. तिसरा चोर विषाणू. त्याला पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. तिघे एकत्र आले, म्हणजे मुरलेला शेतकरीही गोंधळतो. फुलकिडे आणि कोळी यांवर फवारणी आहे, पण विषाणूवर औषधच नाही. रोगट रोप उपटायचे, माशी आवरायची, पुढच्या वर्षी दुसरे वाण लावायचे. निदान चुकले तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोगट रोप शेतात तसेच उभे राहून शेजाऱ्यांना रोग वाटत बसते.

मग विषाणू आहे की नाही, आणि असला तर कोणता, हे कळायचे कसे? त्याची अक्षरे वाचून.

प्रत्येक विषाणूजवळ स्वतःची एक चिठ्ठी असते, चारच अक्षरांत लिहिलेली. बोकड्याच्या विषाणूची चिठ्ठी सुमारे २,७०० अक्षरांची. एवढ्याशा मजकुरात झाडाला जेरीस आणायचे! (आमच्या धंद्यात इतक्या आटोपशीर प्रोग्रॅमला बक्षीस मिळाले असते.) यंत्र मात्र ही चिठ्ठी बहुधा सलग वाचत नाही. पानातून काढलेल्या साऱ्या अक्षरांचे ते लाखो छोटे तुकडे वाचते आणि कॉम्प्युटर ते जुळवतो. तुम्हीही जुळवून पाहा: 'लाल झाली', 'तिखट मिरची', 'मिरची लाल'. एकाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याशी जुळते ना? 'तिखट मिरची लाल झाली.' झाले वाचन!

गंमत म्हणजे काही तुकडे झाड स्वतःच करून ठेवते. विषाणू शिरला की झाड त्याच्या चिठ्ठीच्या चिंध्या करते, प्रत्येकी एकवीस ते चोवीस अक्षरांच्या. या चिंध्या १९९९ साली इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बॉलकम यांनी शोधल्या. पुढे २००९ मध्ये पेरू देशातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रताळ्याच्या रोपातल्या अशाच चिंध्या जुळवून विषाणू ओळखले. झाडानेच पुरावा जपून ठेवलेला, आपण फक्त वाचायचा.

जुळवलेली चिठ्ठी मग जगभरच्या नोंदींशी ताडून पाहतात. बोकड्याच्या घराण्यातल्या विषाणूंसाठी नियम असा: मुख्य चिठ्ठी कुठल्याही ओळखीच्या विषाणूशी ९१ टक्के जुळली नाही, तर ती नवी जात. नाव कळले म्हणजे वाहक कळतो आणि कोणते वाण टिकेल याचा अंदाज येतो. पण नुसत्या नावावर भागत नाही. या विषाणूबरोबर पुष्कळदा जेमतेम निम्म्या लांबीची दुसरी चिठ्ठी असते, तिला 'उपग्रह' म्हणतात. ती एकटी काही करू शकत नाही, पण जोडीला आली की रोग बळावतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००८ साली ही जोडगोळी निरोगी मिरचीत सोडून प्रयोगशाळेत बोकड्या उमटवून दाखवला. आम्हाला हे काम विशेष आवडते, कारण चिठ्ठी सापडली म्हणजे चोर सापडला असे होत नाही; चोरी त्यानेच केली हेही दाखवावे लागते.

वाचनाचा आणखी एक फायदा आहे. नेहमीच्या चाचणीत आधी संशय कोणावर हे ठरवावे लागते. सगळेच वाचून काढले, तर ज्याचा संशयही नव्हता तो सापडतो. (पुढचे जेवताना वाचू नये.) २००६ साली काही शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांच्या शौचातले विषाणू असेच वाचले. माणसाचे विषाणू सापडतील अशी अपेक्षा, आणि निघाले बहुतेक वनस्पतींचे. त्यांतही सर्वांत जास्त मिरचीचा! हा बोकड्याचा नव्हे, तंबाखूच्या प्रसिद्ध विषाणूचा भाऊबंद, बियांतून आणि हातांच्या स्पर्शाने पसरणारा. उत्तर अमेरिका आणि आशियातल्या अठरापैकी बारा नमुन्यांत तो होता. मिरचीच्या सॉसमधून पोटात जातो, बहुतांशी न मोडता बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावरही मिरचीच्या रोपाला रोग लावू शकतो.

तो इतका सर्रास आढळतो, की कोविडच्या साथीत गावोगावचे सांडपाणी तपासताना त्याचा मापासारखा उपयोग झाला. पावसाच्या पाण्याने नमुना पातळ झाला तर कोविडचा विषाणू कमी दिसतो, पण मग मिरचीचाही कमी दिसतो. दोन्ही मोजले, की साथ खरेच ओसरली की नुसताच पाऊस पडला, ते कळते.