लघवीची नळी आणि बेडकाची कातडी

यवतमाळच्या दवाखान्यातून लघवीची नळी घालून निघालेले आजोबा आर्णीच्या एस.टी.त बसतात ते पिशवी मांडीवर घेऊन, शालीखाली झाकून. लाज वाटते, दुसरे काय! पण पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की तिच्यातील लघवी उलटी आत शिरू शकते आणि तिच्याबरोबर जंतूही.

नळी असताना दररोज शंभरातील ३ ते ७ रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, महिनाभरात बहुतेकांच्या. रबराच्या किंवा सिलिकोनच्या नळीला स्वतःची प्रतिकारशक्ती नसते. जंतू तिला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. विहिरीच्या पायरीवरचे शेवाळ आठवा. या थरात औषध पुरते पोचत नाही, म्हणून गोळ्या घेऊनही ताप उलटतो.

मग नळीचा पृष्ठभागच बदलला तर? याचे एक उत्तर बेडकात सापडले. अमेरिकेतील डॉ. मायकेल झॅसलॉफ यांच्या लक्षात आले, की शस्त्रक्रिया केलेले बेडूक अस्वच्छ पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. बेडकाच्या कातडीत त्यांना २३ अमिनो आम्लांची छोटी साखळी मिळाली. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ. तिचा आखूड तुकडा म्हणजे पेप्टाइड. बेडकाचे हे पेप्टाइड जंतूच्या आवरणाला चिकटून त्याला भोके पाडते.

अशी पेप्टाइडे नळीला बांधायची, ही कल्पना. नुसता लेप दिला तर तो वाहून जातो. म्हणून आधी रसायनांनी किंवा विद्युतभारित वायूने पृष्ठभागावर जणू आकडे तयार करतात आणि त्यांत पेप्टाइड पक्के अडकवतात. प्रयोगशाळेत हे साधते. शरीरात मात्र लघवीतील क्षार आणि मेलेले जंतू त्यावर साचतात, आणि पेप्टाइड झाकले जाते. त्यामुळे अशी नळी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही.

तोवर पिशवी कमरेखाली ठेवावी, जमिनीला टेकू देऊ नये. नळीचा जोड उगाच उघडू नये. हात लावण्यापूर्वी साबणाने धुवावेत. नळी केव्हा काढायची, हे घरी निघतानाच डॉक्टरांना विचारावे. “राहू द्या आणखी थोडे दिवस,” असे पुष्कळदा घरचेच म्हणतात, सोयीचे पडते म्हणून! थंडी वाजून ताप आला, लघवी लाल झाली किंवा पिशवीत येईनाशी झाली, तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नये.