बटण दाबलं, पण फॉर्म गेला कुठे?

फॉर्म भरून झाला, 'पाठवा'चं बटण दाबलं आणि पान ढिम्म हललं नाही. जुन्या संगणकावर डिलो किंवा नेटसर्फसारखा हलका ब्राउझर वापरणाऱ्यांना हे नवं नाही. 'ब्राउझरच बिघडलाय' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण अर्धा तास खर्च केला, तर दोष नेमका कुठे आहे ते बहुतेक वेळा सापडतं, आणि पुष्कळदा तो ब्राउझरचा नसून पानातल्या स्क्रिप्टचा, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या सूचनांचा असतो.

फॉर्म स्क्रिप्टपेक्षा जुना आहे. मोझेक ब्राउझरमध्ये १९९३ सालीच रकाने भरून पाठवता येऊ लागले. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचं पहिलं रूप दहा दिवसांत रचलं, ते मे १९९५ मध्ये. स्क्रिप्ट लागत नसलेली फॉर्मची ती मूळ यंत्रणा आजही सगळ्या ब्राउझरमध्ये आहे. बटण दाबलं की ब्राउझर प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यातला मजकूर यांची जोडी लावतो, जोड्यांची एक लांबलचक ओळ करतो आणि ती सर्व्हरकडे धाडतो. मधल्या मोकळ्या जागेचं अधिकचं चिन्ह होतं. देवनागरी अक्षरं तर पार उलगडली जातात. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं. प्रत्येकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून तीन खुणांनी लिहायचा, म्हणजे एवढ्याशा शब्दाच्या ३६ खुणा होतात. ही ओळ 'गेट' पद्धतीत पत्त्याच्या पट्टीत डोळ्यांना दिसते, 'पोस्ट' पद्धतीत विनंतीच्या पोटात जाते.

म्हणून तपासाची सोपी युक्ती अशी: पान संगणकावर उतरवून घ्या, कोडमधलं 'पोस्ट' बदलून 'गेट' करा, फॉर्मचा पत्ता स्वतःच्याच एखाद्या साध्या पानाकडे वळवा आणि खोटी माहिती भरून पाठवा. पट्टीत काय उमटतं ते पाहा. एखादा रकाना गायब दिसला, तर कोडमध्ये त्याला नाव दिलंय का ते तपासा. बिननावी रकान्यात काहीही भरलं तरी ते पाठवलं जात नाही. खूण न केलेला चौकोनही जात नाही, तो मात्र नियमच आहे.

डिलोमध्ये तर याहून सोपी सोय आहे. चिलीच्या होर्हे अरेयानो सिद यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या ब्राउझरला जावास्क्रिप्ट मुळीच कळत नाही. फॉर्मवर उजवी कळ दाबली की येणाऱ्या यादीतून फॉर्म थेट पाठवता येतो आणि लपवलेले रकानेही उघडून बघता येतात. असा पाठवलेला फॉर्म पोचला, तर समजावं की पानावरचं बटण फक्त स्क्रिप्टच्या जोरावर उभं होतं. लॉगिन करून पुन्हा लॉगिनच्याच पानावर येत असाल, तर आधी कुकी पाहा. डिलो मुळात सगळ्या कुकी नाकारतो. त्याच्या कुकींच्या फाइलमध्ये त्या संकेतस्थळाला परवानगी दिली की अडलेलं काम बऱ्याचदा पुढे सरकतं.

काही ठिकाणी मात्र इलाज नसतो. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी स्क्रिप्टने भरायची अशी रचना असेल, तर ती यादी रिकामीच राहते. इथे ब्राउझरने काय करावं?

सगळ्यात फसवी अवस्था अर्धवट स्क्रिप्टची. नेटसर्फमध्ये डकटेप नावाचं छोटं इंजिन आहे. त्याला जुनी जावास्क्रिप्ट बरीचशी कळते, पण २०१५ च्या आवृत्तीत आलेली बाणाची खूण (=>) कळत नाही. फाइलमध्ये असा एक जरी बाण आला, तरी वाचतानाच चूक धरली जाते आणि त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. वर पंचाईत अशी की स्क्रिप्ट चालू आहे असं ब्राउझरने मानल्यामुळे, स्क्रिप्ट नसलेल्यांसाठी पानात ठेवलेला पर्यायी मजकूरही तो दाखवत नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रिप्ट पूर्ण बंद करावी आणि पान पुन्हा उघडावं. बंद केल्यावर फॉर्म चालू झालेला पाहिला की आश्चर्य वाटतं, पण कारण इतकं साधं आहे.

स्क्रिप्ट वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मोबाइल क्रमांकात नऊच आकडे पडलेत हे ती पाठवण्याआधीच सांगते, हा मोठा फायदा आहे. पण ही मदत झाली. मूळ काम, म्हणजे माहिती पोचवणं, तिच्याविना व्हायलाच हवं. तालुक्यांची यादी स्क्रिप्ट नसताना पुढच्या पानावर देता येते. त्याला एक पान जास्त लागेल, इतकंच. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा परीक्षेची नोंदणी जुन्या संगणकावर, कमकुवत नेटवर करणाऱ्याला ते एक पान जड नाही, अडलेला अर्ज जड आहे.

संकेतस्थळं बनवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती: फॉर्म लोकांसमोर ठेवण्याआधी आपल्या ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करा, सगळे रकाने भरा आणि बटण दाबून पाहा.