आम्लाची चाहूल घेणारं यंत्र

कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता वाढलेली असते. गाठीतल्या पेशी भराभर साखर वापरतात, लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात आणि निरोगी ऊतींत ७.४ च्या आसपास राहणारा पीएच तिथे ६.५ पर्यंत उतरू शकतो. एवढ्याशा फरकावर भिस्त ठेवून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये ब्यॉर्न हॉगबर्ग यांच्या गटाने एक यंत्र घडवलं. ते आहे निव्वळ डीएनएचं.

डीएनएच्या अक्षरांमध्ये ए टीशीच जुळतो आणि जी सीशीच. या शिस्तीच्या जोरावर त्यातून हव्या त्या रचना बांधता येतील, हे अमेरिकेत नेड सीमन यांनी १९८० च्या दशकात ओळखलं. २००६ मध्ये कॅलटेकच्या पॉल रॉथमंड यांनी एका विषाणूचा सात हजारांहून अधिक अक्षरांचा धागा घेतला आणि गोधडीला घालावेत तसे त्याला दोनशेहून जास्त छोट्या तुकड्यांचे टाके घातले. मिश्रण तापवून निववलं की धागा आपसूक ठरल्या आकारात दुमडतो.

अशाच दुमडलेल्या डीएनएच्या स्टॉकहोमच्या यंत्राच्या पोकळीत सहा पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, षटकोनात बसवलेली आहेत. षटकोनाचा व्यास जेमतेम १० नॅनोमीटर. पेशींवरच्या ‘मृत्यू-ग्राहकां’ना ती एकत्र ओढतात आणि पेशी स्वतःचा अंत करून घेते. पण हे ग्राहक निरोगी पेशींवरही असतात, म्हणून हत्यार झाकलेलं हवं. ते उघडतं फक्त आम्लात. मला यातलं सगळ्यात मोठं काम हे झाकणंच वाटतं. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांत निष्क्रिय रचनेच्या तुलनेत गाठींची वाढ ७० टक्क्यांपर्यंत कमी झाली, असं २०२४ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झालं.

आम्लात ठरावीक डीएनएची घडी बदलते, हा गुण पाहण्याच्या कामीही येतो. मुंबईच्या टीआयएफआरचं बंगळुरूमधलं केंद्र असलेल्या एनसीबीएसमध्ये यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये ‘आय-स्विच’ मांडला. आम्लात तो मिटतो, त्याच्यावरचे दोन चमकते रंग जवळ येतात, प्रकाश बदलतो आणि जिवंत पेशीच्या आतला पीएच वाचता येतो. असं वाचता येणं नेमका वार करायलाही उपयोगी पडू शकतं, म्हणून बंगळुरूच्या या कामाची नोंद आपण अभिमानाने ठेवायला हवी.

स्टॉकहोमचं यश मात्र उंदरांमधलं आहे. रक्तातली विकरं डीएनए तोडतात, दुष्परिणाम तपासायचे आहेत. तेव्हा अशा ‘नॅनोरोबोट’ने कर्करोग बरा करतो असं सांगून कुणी पैसे मागितले, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा आणि चालू उपचार सोडू नका.