जुन्या फेंडरच्या फ्रेट्स उपटू नका

गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांबी, म्हणजे फ्रेट्स, बहुधा तांबं, जस्त आणि सुमारे १८ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूच्या (आपल्या जर्मन सिल्व्हरच्या) असतात. पोलादी तार त्याहून कठीण. वर्षानुवर्षं दाबून, खेचून वाजवलं की पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर तारांखाली खड्डे पडतात, गोल माथा सपाट होतो. मग स्वर जागेवरून हलतो आणि तार पुढच्या फ्रेटला घासून झणझणते. कानशीनं सगळ्या फ्रेट्स एका पातळीत आणून माथे पुन्हा गोल करता येतात. पण मुळात उंचीच मिलिमीटरभर. हा उपाय थोड्याच वेळा चालतो. त्यानंतर फ्रेट्स काढाव्याच लागतात, आणि जुन्या फेंडर गिटारमध्ये खरी जोखीम तिथे आहे.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० साली त्यानं बाजारात आणलेल्या गिटारची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली होती. बिघडली तर काढावी, दुसरी लावावी. मेपलच्या त्या मानेत फ्रेट्स वरून ठोकलेल्या नव्हत्या, खाचेत बाजूनं सरकवलेल्या होत्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फेंडरच्या कारखान्यात हीच रीत होती.

ही गोष्ट ठाऊक नसलेला कारागीर चांगली मान वाया घालवतो. फ्रेटच्या खालच्या पात्याला दोन्ही अंगांनी बारीक दाते असतात. फ्रेट वरून ठोकली, तर दाते खाली जाताना वाटेतलं लाकूड चेपत जातात; ती वर खेचली तर बऱ्याचदा त्याच वाटेनं निघते. बाजूनं सरकवलेल्या फ्रेटच्या दात्यांनी मात्र खाचेच्या भिंतीत आडवे चर पाडलेले असतात आणि चरांच्या वरचं लाकूड शाबूत असतं. अशी फ्रेट वर उपटली की ते लाकूड ढलप्यांसकट सोबत येतं.

म्हणून आधी तारा सोडायच्या, मानेतला ताणदांडा सैल करून मान सरळ करायची. मेपलवर फ्रेट्स बसवल्यानंतर लॅकर मारलेलं असतं, त्यामुळे फ्रेटच्या दोन्ही कडांनी आणि टोकांशी धारदार पात्यानं ते कापून घ्यायचं. नाहीतर लॅकरचे पापुद्रे उडतात. मग सोल्डरिंग आयर्ननं फ्रेट तापवायची, लाकूड काळं पडणार नाही इतपतच. खाचेत मावेल असा घासलेला पंच पात्याच्या टोकाला लावून हलके ठोके द्यायचे. फ्रेट ज्या बाजूनं आत घातली, त्याच बाजूनं बाहेर काढायची. टोक जरासं बाहेर आलं की चिमट्यात धरून आडवी ओढायची. तरीही एखादी ढलपी सुटलीच, तर ती फेकू नये. फेव्हिक्विकच्या जातीचा पातळ गोंद सोडून तिथेच बसवावी.

याआधी कुणी फ्रेट्स बदलल्या असतील, तर त्या वरून ठोकलेल्याही असू शकतात. तेव्हा भिंगातून फ्रेटची टोकं आणि कडेचं लॅकर बघितल्याशिवाय हत्यार उचलूच नये. वरून ठोकलेल्या फ्रेटलाही आधी उष्णता द्यावी आणि मग सपाट घासलेल्या तोंडाच्या कटरनं एका टोकापासून थोडी थोडी उचलत जावं. झटका देऊन ओढू नये.

एवढी काळजी का, याचं उत्तर लाकडात आहे. १९५९पासून फेंडरच्या बहुतेक मानांवर फ्रेट्स बसवण्यासाठी ब्राझीलच्या रोजवुडची पट्टी आली. १९९२ साली त्या झाडाला धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकलं गेलं आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद झाला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरनं जे भारतीय रोजवुड घेतलं, ते म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसव. झिजलेली फ्रेट नवी मिळते, जुनी पट्टी मिळत नाही.

तुमच्याकडे १९८०पूर्वीची फेंडर असेल, तर ती दुरुस्तीला देताना कारागिराला एवढंच विचारा: या फ्रेट्स वर खेचणार की बाजूनं काढणार? उत्तर देण्याआधी त्यानं फ्रेटची टोकं पाहिली नाहीत, तर गिटार घरी परत आणा.