सदाफुलीच्या पानांत दडलंय काय?

कुंपणाशी बारमाही फुलणारी सदाफुली तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर गुणकारी समजत. ते पडताळण्यासाठी कॅनडात नोबल व बिअर या शास्त्रज्ञांनी उंदरांना पानांचा अर्क टोचला. साखर उतरली नाही; मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या! त्या धाग्यावरून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. पुढे व्हिन्क्रिस्टिनही मिळाले. दोन्ही द्रव्ये पेशींचे विभाजन रोखतात, म्हणून ती कर्करोगावर देतात. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात.

मग पाने चघळावीत का? मुळीच नाही! त्यांत शंभराहून अधिक अल्कलॉइडे असतात, काही विषारी. वेगळे काढून, शुद्ध करून, तोलून दिले तरच ते औषध!